क्लासात जमलेला ब्लाउज घरी का बिघडतो?

सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा महिला मंडळाच्या खोलीत भरणारी शिवणाची दोन दिवसांची कार्यशाळा अनेकींच्या परिचयाची असेल. दहा-बारा मशिनं ओळीनं मांडलेली, भिंतीवर खाकी कागदाचे कापलेले नमुने आणि मधून फिरणाऱ्या बाई. रविवारी संध्याकाळी प्रत्येकीच्या हातात स्वतः शिवलेला ब्लाउज असतो. मग आठवडाभरानं घरी तसंच कापड घेऊन बसावं, तर मुंढा काखेत रुततो, उजव्या हाताची बाही डाव्या हाताला लागते आणि उलट बाजूला दोऱ्याचा गुंता झालेला दिसतो. शेवटी मशीनवर कव्हर पडतं आणि निष्कर्ष निघतो, ‘आपल्याला काही हे जमायचं नाही.’

हा निष्कर्ष चुकीचा आहे. तबला, हार्मोनियम, वारली चित्रं, चाकावरची मडकी, केकवरचं आयसिंग, कुठलाही क्लास घ्या, तिथं हेच घडतं. कौशल्य डोक्यात आणि हातात कसं उतरतं हे समजलं, तर कोणता क्लास लावावा आणि लावल्यावर घरी काय करावं, हे दोन्ही नीट ठरवता येतं. आपण शिवणाचंच उदाहरण घेऊ, कारण त्यात डोकं, डोळे, हात आणि पाय या सगळ्यांना काम असतं.

रविवारचा ब्लाउज कोणी शिवला?

कार्यशाळेत आपण जे केलं त्यापेक्षा आपल्यासाठी जे आधीच करून ठेवलं होतं, त्याची यादी मोठी असते. कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवलेलं होतं. अस्तर न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. हा धोका बाईंनी परस्पर टाळलेला असतो. मशीनमध्ये मध्यम सुती कापडाला चालणारी १४ नंबरची सुई बसवलेली होती. घरच्या मशीनवर कदाचित जाड कापडाची १६ नंबरची सुई असेल आणि आपण तिच्यावर तलम रेशीम शिवायला घेतो. बॉबिन भरलेली होती, दोऱ्याचा ताण जुळवलेला होता. कागदी नमुना ठरावीक मापाचा होता. शिवाय जिथं हात अडखळला तिथं बाई मागून येऊन कापड एका बोटानं सरळ करून गेल्या.

ही मदत चांगलीच असते, फक्त ती आपल्या लक्षात येत नाही. घरी बसल्यावर ती सगळी एकदम नाहीशी होते, आणि जे काम चार पायऱ्यांचं वाटलं होतं ते चौदा पायऱ्यांचं निघतं.

ओटा लहान, भांडी फार

आपण या क्षणी ज्या गोष्टींचा विचार करतो, त्या मनात एका अगदी लहान जागेत मांडलेल्या असतात. मानसशास्त्रज्ञ तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखीच ती जागा समजा. मांडणीवर शेकडो भांडी मावतात, ओट्यावर मोजकीच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६मध्ये मांडलं, की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी ध्यानात धरू शकतो. २००१मध्ये नेल्सन कोवन यांनी पुढच्या संशोधनाचा आढावा घेऊन हा आकडा चारच्या आसपास आणला.

आता ब्लाउज आखणाऱ्या नव्या मुलीच्या ओट्यावर काय काय येतं पाहा. छाती ३६ इंच, तिचा चौथा भाग ९, कारण पुढचा आणि मागचा भाग दोन्ही दुमडलेल्या कापडावर कापायचे. त्यात सैलपणा मिळवायचा, शिलाईचा दाब वेगळा सोडायचा. मुंढ्याची खोली, गळ्याची रुंदी, टक्सची जागा, कापडाचा उभा धागा कुठल्या दिशेला आहे. एवढं सगळं मांडल्यावर ओटा भरून वाहतो आणि एखादी गोष्ट खाली पडते. बहुतेक वेळा ती शिलाईचा दाब असते, म्हणून ब्लाउज घट्ट होतो.

बाईंच्या मनातला ओटाही तुमच्याएवढाच असतो. फरक इतकाच, की त्यांच्यासाठी ‘३६चा पुढचा भाग’ ही एकच वस्तू झालेली असते. वर्षानुवर्षं केल्यामुळे दहा बारीक गोष्टी एकाच मोठ्या डब्यात बसल्या आहेत. म्हणून चांगली शिक्षिका पहिल्याच दिवशी ब्लाउज हातात देत नाही. ती एका वेळी एकच भांडं ओट्यावर ठेवते.

दोरा न ओवता शिवण

जुन्या पद्धतीच्या शिवणक्लासात पहिले काही दिवस मशीनला दोराच ओवू देत नाहीत. वर्तमानपत्राचा किंवा वहीचा कागद घ्यायचा, त्यावर पेन्सिलीनं सरळ रेघा, मग नागमोडी, मग चौकोन, मग गोल आणि शेवटी शंखासारखी आत आत जाणारी रेघ काढायची, आणि रिकाम्या सुईनं त्यावरून मशीन चालवायचं. उत्साहानं आलेल्या मुलींना हा वेळकाढूपणा वाटतो. मला मात्र शिवण शिकवण्यातली ही सगळ्यांत शहाणी रीत वाटते, आणि त्याचं कारण मशीनमध्येच आहे.

पायमशीनमध्ये आपण फळी पुढेमागे दाबतो. फळीला जोडलेला दांडा खालचं मोठं चाक फिरवतो, त्यावरचा पट्टा वरचं लहान चाक फिरवतो आणि त्यानं सुई वर-खाली होते. गोम अशी, की दांडा अगदी वर किंवा अगदी खाली असताना पायानं जोर दिला तर चाक अडतं, नाहीतर भलत्याच दिशेला फिरतं. वरचं चाक नेहमी आपल्याकडे फिरायला हवं. तळाशी गेलेली सुई किंचित वर येते तेव्हा तिच्या पाठीमागे दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो. शटलचं टोक तो फास पकडतं आणि बॉबिनभोवती फिरवून आणतं. असा वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकून टाका पडतो. चाक उलटं गेलं की शटलचं टोकही उलटं जातं, फास नीट पकडला जात नाही, दोरा गुंततो आणि तुटतो. म्हणून सुरुवात करताना उजव्या हातानं वरचं चाक आपल्याकडे हलकेच ओढायचं आणि त्याच क्षणी पाय सुरू करायचे. ही जोडगोळी जमायला वेळ लागतो.

कागदावर हे करताना दोरा तुटण्याची भीती नसते, त्यामुळे सगळं लक्ष पायांकडे देता येतं. शिवाय रेघ सोडून पडलेलं प्रत्येक भोक कागदावर तसंच राहतं. कापडावरची चुकीची शिलाई उसवली की पुरावा जातो, कागद मात्र काहीच लपवत नाही. कुठल्या वळणावर आपला वेग वाढतो हे मुलीला स्वतःच दिसतं, कोणी सांगावं लागत नाही. (कागदानं सुई लवकर बोथट होते, म्हणून यासाठी जुनी सुई ठेवतात.)

आणखी एक गोष्ट मुरलेल्या बाई हमखास सांगतात, ‘सुईकडे बघू नको, कापडाच्या कडेकडे बघ.’ प्रेशर फूटची कड आणि कापडाची कड यांतलं अंतर सारखं ठेवलं की शिलाई आपोआप सरळ पडते. गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये स्कीइंगचा सराव करण्याच्या यंत्रावर हेच तपासलं होतं. पायांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा, पायांखालच्या यंत्रावर त्या हालचालीचा काय परिणाम होतो तिकडे लक्ष देणारे लोक ती हालचाल लवकर शिकले. आमच्या शिवणाच्या बाई हे कुठल्याही प्रयोगशाळेत न जाता सांगत आल्या आहेत.

हाताची आठवण वेगळी

मापाचं सूत्र तोंडपाठ असतं, तरी हात का चालत नाही? कारण ‘माहीत असणं’ आणि ‘करता येणं’ या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी साठतात. याचा सर्वांत ठळक पुरावा हेन्री मोलेसन या अमेरिकी माणसाकडून मिळाला. अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून १९५३मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, नव्या आठवणी साठवायला लागणारा काही भाग शस्त्रक्रियेनं काढण्यात आला. त्यानंतर तो भेटलेली माणसं आणि घडलेले प्रसंग थोड्याच वेळात विसरून जाई.

ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेनं त्याला एक काम दिलं. कागदावरच्या चांदणीच्या दुहेरी कडेमधून पेन्सिल फिरवायची, पण कागदाकडे थेट न बघता आरशातल्या प्रतिबिंबाकडे बघून. हे कोणालाही सुरुवातीला अवघड जातं. तीन दिवसांच्या सरावात हेन्रीच्या चुका भराभर कमी झाल्या. मात्र हे काम आपण काल केलं होतं, हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं. प्रसंग पुसला गेला होता, पण हाताला लागलेलं वळण शाबूत होतं.

म्हणून वहीत सगळं लिहून घेतलं, फोटो काढले, व्हिडिओ जपून ठेवला, तरी हाताची वही कोरीच राहू शकते. ती भरायला हातच चालवावा लागतो, आणि ती भरली की सहसा पुसली जात नाही. वीस वर्षांनी पायमशीनवर बसलेल्या आजीचे पाय पहिल्या दोन मिनिटांत लय पकडतात, ते याच कारणानं.

सलग दोन दिवस की आठवड्यातून तीनदा?

ब्रिटनमध्ये पोस्टल कोड आले तेव्हा टपाल कर्मचाऱ्यांना ते यंत्रावर टाइप करायला शिकवायचं होतं. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे चार गट केले: कोणाला दिवसातून एकदा एक तास, कोणाला दोनदा एक-एक तास, कोणाला एकदा दोन तास, तर कोणाला दोनदा दोन-दोन तास. १९७८मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढंच कौशल्य मिळवायला सरावाचे एकूण तास सर्वांत कमी लागले. रोज चार तास करणाऱ्यांचे तास सर्वांत जास्त खर्ची पडले.

यातला मला सर्वांत बोलका वाटलेला भाग वेगळाच आहे. ज्यांचं शिकणं सर्वांत कसदार होतं, तेच आपल्या प्रशिक्षणावर सर्वांत कमी खूश होते. इतर गट दिनदर्शिकेप्रमाणे पुढे निघून गेलेले दिसत, त्यामुळे आपण मागे पडलो असं त्यांना वाटे. ‘एका दिवसात शिका’ अशा जाहिराती चालतात त्यामागे हीच गंमत आहे. सलग केलेला सराव त्या दिवशी हातात भरभरून दिसतो. मधे दिवस गेले की थोडं विसरायला होतं, पुन्हा आठवून करावं लागतं, चिडचिड होते. पण आठवायला पडणारे ते कष्टच वळण पक्कं करतात. मधल्या झोपेचाही उपयोग होतो, कारण झोपेत मेंदू दिवसभराच्या आठवणी पक्क्या करत असतो.

दोन दिवसांची कार्यशाळा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. आवड आहे का हे पाहायला, भीती मोडायला, साधनं हाताळायला ती उत्तम. मातीला हात लावून बघायचा असेल तर आधी सहा महिन्यांची फी कशाला भरा? फक्त तिथं जमलेल्या वस्तूला कौशल्य समजू नये.

बाईंनी कधी गप्प राहावं

घरी व्हिडिओ लावून शिकताना नेमकं काय हुकतं, तर आपली चूक बघणारं कोणी नसतं. व्हिडिओ बरोबर कृती दाखवतो, पण तुमची शिलाई का चुरगळली हे त्याला सांगता येत नाही. क्लासची फी खरं तर या एका गोष्टीसाठी असते.

पण दुरुस्ती किती करावी, यालाही मर्यादा आहे. १९९०मध्ये कॅरोलिन विन्स्टाइन आणि रिचर्ड श्मिट यांनी हाताच्या एका हालचालीचा सराव करून घेतला. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर किती चुकलं ते सांगितलं, दुसऱ्या गटाला साधारण निम्म्याच वेळा. नंतर काहीही न सांगता परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट सरस ठरला. सतत सांगितलं जातं तेव्हा शिकणारा त्या सांगण्यावर टेकून राहतो, स्वतःची चूक स्वतः ओळखायला शिकत नाही.

क्लासातला एक नेहमीचा प्रसंग घ्या. मुलगी कापड उलटं करून दाखवते, खालच्या बाजूला दोऱ्याचे सैल फास लोंबत असतात. एक शिक्षिका लगेच मशीन ओढून घेते, काहीतरी फिरवते आणि ‘हं, आता शिव’ म्हणते. काम पुढे जातं, शिकणं तिथंच थांबतं. दुसरी विचारते, ‘कुठला दोरा सैल असेल गं, वरचा की खालचा?’ नवी मुलगी हमखास ‘खालचा’ म्हणते, कारण गुंता खाली दिसतो. मग बाई तिला वरचा दोरा पुन्हा ओवायला लावतात. तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसलाच नव्हता, म्हणून ढिला सुटून खाली फास होत होते. तीन मिनिटं जास्त गेली, पण हा दोष ती मुलगी घरी एकटीनं काढू शकते. अशी शिक्षिका मिळाली तर दोन बसथांबे लांबचा क्लासही लावावा.

कारण सांगणारी शिक्षिकाही अशीच मोलाची. गळ्याला उरेब पट्टी लावायची हे पाठ करता येतं. पण तिरपं कापलेलं कापड ताणलं जातं, कारण उभे-आडवे धागे एकमेकांवरून सरकू शकतात, आणि म्हणून ते गळ्याच्या गोलाईला सुरकुती न पडता बसतं, हे कळलं की बाहीची, फ्रॉकच्या कॉलरची, पिशवीच्या गोल कोपऱ्याची कडही कोणी न शिकवता जमते.

झबलं, टोपडं, परकर, मग ब्लाउज

शिवणक्लासचा पारंपरिक क्रम असा असतो: हातशिलाईचे टाके, काज-बटण, मग झबलं, टोपडं, फ्रॉक, परकर आणि त्यानंतर ब्लाउज. घरात बाळ नसताना झबलं कशासाठी, असं आजच्या मुली विचारतात. झबल्यात गळा आहे, मुंढा आहे, कडा आहेत, पण सगळं लहान आणि सैल, अर्धा इंच चुकला तरी चालतं. शिवाय प्रत्येक नगात तीच कृती थोड्या वेगळ्या रूपात परत येते.

या वेगळेपणाचं महत्त्व दाखवणारा एक साधा प्रयोग कर आणि बूथ यांनी १९७८मध्ये केला. आठ वर्षांच्या काही मुलांनी तीन फुटांवरच्या खुणेवर लहान पिशवी फेकण्याचा सराव केला. इतरांनी दोन आणि चार फुटांवर केला, तीन फुटांवर कधीच नाही. शेवटी परीक्षा तीन फुटांवर झाली, आणि बाजी दुसऱ्या गटानं मारली. एकाच मापाचा ब्लाउज दहादा शिवण्यापेक्षा तीन वेगळ्या मापांचे, दोन वेगळ्या कापडांचे शिवलेले बरे, ते यामुळे.

‘आता या वयात?’

क्लासच्या दारातून सर्वांत जास्त माणसं परत जातात ती या प्रश्नानं. अमेरिकेत टेक्सासमध्ये डेनिस पार्क यांनी साठी ओलांडलेल्या लोकांवर केलेला अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना आपल्या गोधडीसारखं क्विल्ट शिवायला शिकवलं, काहींना डिजिटल फोटोग्राफी, काहींना दोन्ही. आठवड्याला सुमारे पंधरा तास, तीन महिने. तुलनेसाठी एक गट तेवढाच वेळ गप्पा, सहली, खेळ यांत रमला. नवं कौशल्य शिकणाऱ्यांची प्रसंग लक्षात ठेवण्याची क्षमता तुलनेत अधिक सुधारली. फोटोग्राफी शिकणाऱ्यांत हा परिणाम विशेष दिसला. यावरून विस्मरणाच्या आजारावर शिवणक्लास हा उपाय आहे, असं कोणी म्हणू नये. पण साठीनंतर शिकता येत नाही, ही समजूत तरी सोडून द्यायला हवी. वयानं वेग कमी होतो, त्यामुळे सरावाला वेळ थोडा जास्त द्यावा लागतो, इतकंच.

पैशाची अडचण असेल तर सरकारी वाटाही आहेत. कामगारांना जवळच्या जवळ कौशल्य मिळावं म्हणून देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ १९६७मध्ये मुंबईत वरळीला सुरू झालं. त्याच योजनेची आजची जन शिक्षण संस्थानं जिल्ह्याजिल्ह्यांत कमी शुल्कात शिवणासारखे वर्ग घेतात, आणि ते काही महिने चालतात. दोन दिवसांच्या चकचकीत कार्यशाळेपेक्षा तिथला साधा वर्ग जास्त शिकवून जाईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

> चौकट : क्लास लावण्याआधी विचारा
>
> • आठवड्यात किती दिवस? सलग सहा तासांपेक्षा तीन दिवस दोन-दोन तास बरे.
>
> • एका मशीनवर किती जणी? तासातला अर्धा वेळ बघण्यात जात असेल तर हाताला काय मिळणार?
>
> • कापड कोण कापतं? शेवटपर्यंत बाईच कापून देत असतील तर तो क्लास अपुरा.
>
> • स्वतःच्या मापाचा नमुना काढायला शिकवतात का?
>
> • बिघडलेला नग उसवून पुन्हा शिवायला वेळ देतात की नवा नग सुरू करतात?
>
> • एक दिवस नुसतं बसून पाहू देतात का? तेव्हा बाई किती वेळा स्वतः मशीन ओढून घेतात, ते मोजा.

आणि दोन दिवसांची कार्यशाळा आधीच करून आला असाल, तर नवं कापड आणायची घाई करू नका. दोन दिवस जाऊ द्या, मग जुन्या सुती साडीचा तुकडा घ्या, वही मिटून ठेवा आणि आठवेल तसा आखून, कापून, शिवून पाहा. जिथं अडाल तिथं खडूनं खूण करा आणि त्यानंतरच वही उघडा. खुणा केलेला तो बिघडलेला ब्लाउज घेऊन पुन्हा बाईंकडे जा आणि एकेका खुणेवर बोट ठेवून विचारा.